खळगा की टेकाड

थोरलीला धाकटीचा हेवा वाटतो हे घरात माहीत होतं, कचेरीत माहीत होतं, जिन्याखाली सायकली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा माहीत होतं. एकट्या थोरलीची समजूत अशी, की आपण ते अगदी छान झाकून ठेवलं आहे. धाकटीचं कौतुक करायची वेळ आली की ती मुद्दाम चार शब्द जास्तच बोलायची. "हुशार आहे हो आमची. देवानं देताना हात आखडता घेतला नाही. जरा नीटनेटकेपणा तेवढा द्यायचा राहिला." ऐकणारा मान डोलवायचा आणि तोंड फिरवून हसायचा.

दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत राहायच्या, थोरली वर आणि धाकटी खाली, सासूबाई दिवसा खाली आणि जेवायला वर. सकाळी एकाच बसनं निघायच्या आणि एकाच कचेरीत एकाच खोलीत समोरासमोर बसायच्या. म्हणजे हेव्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती.

कचेरीचं काम सांगायला सोपं आणि करायला डोळ्यांतून पाणी काढणारं. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या वस्त्या विमानातून काढलेल्या फोटोंत शोधायच्या आणि नकाशावर मांडायच्या. विमान सरळ रेषेत उडतं आणि पोटातला कॅमेरा थोड्या थोड्या अंतरानं खालच्या जमिनीचे फोटो घेत जातो. लागोपाठच्या दोन फोटोंत बराचसा भाग तोच असतो, फक्त जरा वेगळ्या जागेवरून टिपलेला. ते दोन फोटो एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावायचे, वर दोन भिंगांचं चार पायांचं यंत्र ठेवायचं, डाव्या डोळ्यानं डावा बघायचा आणि उजव्यानं उजवा. क्षणभर सगळं धूसर होतं, आणि मग जमीन उठून उभी राहते. झाडं वर येतात, ओढे खाली जातात, आणि नांगर फिरून फिरून सपाट झालेलं एखादं जुनं गाव, ज्याच्यावरून रोज चालणाऱ्या शेतमालकालाही त्याचा पत्ता नसतो, ते पुठ्ठ्यावर अंग वर काढतं. कधी पीकच चुगली करतं. खाली बुजलेला खंदक असला तर तिथं ओल धरते आणि पीक उंच, गडद दिसतं. दगडी भिंत असली तर वरचं पीक खुरटतं. एवढ्याशा फरकावर विश्वास ठेवून पुढं खोदणारी माणसं कुदळी घेऊन निघतात.

थोरली या कचेरीत नकाशे काढायला म्हणून लागली होती. तिचा हात फार सुंदर. शाईची रेघ अशी ओढायची, की कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते कळू नये. पण रेघा ओढता ओढता तिला फोटोंचं वेड लागलं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचा आणि डोळे भिंगाला. एका कोरड्या वर्षीच्या फोटोत, फिकट पडलेल्या शेतात तिला एक गडद कडं दिसलं. सगळे हसले. कुणी म्हणालं, मळणीची जागा असेल. कुणी म्हणालं, कपाची बशी फोटोवर ठेवली असेल. थोरलीनं हट्ट सोडला नाही. शेवटी खोदलं, आणि खंदक निघाला, आतून घरांचे पाये निघाले, चुली निघाल्या, धान्य साठवायचे रांजण निघाले. तेव्हाच्या साहेबांनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली.

त्या खुर्चीला कचेरीत 'पहिली नजर' म्हणायचे. प्रत्येक पुठ्ठा आधी पहिली नजर बघणार, खुणा करणार आणि सही करणार. समोरच्या टेबलावरची 'दुसरी नजर' नंतर तपासणार. दोघींचं पटलं नाही तर साहेब. पण थोरलीच्या सहीनंतर साहेबांपर्यंत जायची वेळ कुणावर आली नव्हती. ती खुर्ची म्हणजे थोरलीचं सगळं होतं. नवऱ्याला पगारवाढ मिळाली तेव्हा ती जेवढी खूश झाली नसेल तेवढी ती खुर्ची मिळाली तेव्हा झाली होती.

मग धाकटी आली. आणि आणली कुणी? थोरलीनंच. धाकट्या दिराचं लग्न झालं, नवी सून घरात बसून कंटाळायची, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिलाही ने की तुझ्याबरोबर. चित्रंच तर बघायची असतात ना." चित्रंच तर! थोरलीनं त्यातला अपमान गिळला आणि साहेबांना शब्द टाकला. धाकटीला भिंगाखाली बघायला तिनं शिकवलं, पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं, उंचवटा दाखवायला बारक्या रेघा बाहेरच्या बाजूला ओढायच्या आणि खड्डा दाखवायला आतल्या, तेही शिकवलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणारी माणसं जगात कमी नाहीत, पण थोरलीनं तो धोंडा उचलून आणायलासुद्धा स्वतःच कष्ट घेतले.

कानामागून आली आणि तिखट झाली. धाकटी एक पाय खुर्चीवर दुमडून बसायची, पेन्सिल केसांत खोचायची आणि मग ती सगळीकडे शोधायची, काम करताना गुणगुणायची. तिच्या कागदावर खाडाखोड इतकी, की थोरलीला बघवत नसे. पण एखादा पुठ्ठा समोर आला की नुसती नजर टाकून म्हणायची, "वहिनी, इथं काहीतरी आहे." आणि तिथं काहीतरी असायचं. एकदा थोरलीनं आठवडाभर घासून बघितलेल्या, 'काही नाही' म्हणून सही केलेल्या पुठ्ठ्यात धाकटीनं जेवण आटोपून येता येता उभ्या उभ्या जुन्या तलावाचा बांध शोधला. त्या दिवशी थोरली घरी येऊन भांडी आपटत बसली. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कुठं काय? भांडी जुनी झालीत."

आत मात्र जाळ होता. कष्टानं कुणी पुढं गेलं असतं तर थोरलीनं सोसलं असतं. कष्ट तिला समजायचे. पण या पोरीनं काहीच केलं नव्हतं. तिला नुसतं दिसायचं. आपण इतकी वर्षं मान मोडून जे मिळवलं ते हिला येता-जाता मिळावं, आणि वर त्याचा तिला गर्वही नसावा! गर्व असता तर निदान नावं ठेवायला जागा मिळाली असती.

नावं ठेवायला मग थोरलीनं दुसऱ्या जागा शोधल्या. एक म्हणजे धाकटीची लुडबुड. घरी चहाची किटली थोरलीनं हातात घेतली की धाकटी लगेच पुढं, "द्या वहिनी, मी ओतते." म्हणजे सासऱ्यांपुढं, पाहुण्यांपुढं सगळं हिनं केलेलं दिसणार. कचेरीतही तेच. थोरली छत्री खुंटीला लावून, तोंडावर पाणी मारून जागेवर येईपर्यंत धाकटीनं तिच्या टेबलावर दिवसाचे पुठ्ठे मांडून ठेवलेले असायचे. आणि मांडायचे कसे? उलटे. उत्तर दिशा खाली, दक्षिण वर, अक्षरं डोक्यावर उभी. नकाशाच्या कामात उत्तर वर असते हे शाळेतलं पोरही सांगेल. थोरलीनं एकदोनदा हटकलं. धाकटी म्हणाली, "खिडकीचा उजेड असा बरा पडतो हो वहिनी," आणि गुणगुणत निघून गेली. थोरली पुटपुटायची आणि तशीच कामाला बसायची. पुठ्ठा परत फिरवणंसुद्धा तिला हिच्यापुढं हार मानल्यासारखं वाटायचं.

त्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती, ती थोरलीनं कुणालाच सांगितली नव्हती. उजव्या डोळ्यापुढं आधी धूर, मग जाड पडदा आला होता. बाजारात जाते म्हणून एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, "हा डोळा आता परत यायचा नाही. डाव्याला जपा. काम काय करता?"

"लिहिण्याचं," थोरलीनं ठोकून दिलं.

"मग चालेल. एका डोळ्यानं लिहिता येतं."

दुसऱ्या दिवशी तिनं धडधडत्या छातीनं भिंगाला डोळे लावले. क्षणभर धूसर, आणि जमीन उठली. टेकड्या वर, ओढे खाली, सगळं जागच्या जागी. तिनं सुस्कारा सोडला. डॉक्टरांना काय कळतंय! तिनं थेंबांची बाटली पर्सच्या तळाशी ढकलली आणि तो विषय तिच्यापुरता संपला. डोळ्याचं कळलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि ती कुणाकडे गेली असती हे सांगायला ज्योतिषी नको होता.

असं सगळं चाललेलं असताना विमानाचं निघालं.

विमानात एरवी वैमानिक आणि कॅमेरावाला असे दोघेच जायचे. पण या खेपेला कॅमेरावाला म्हणाला, की फोटो वाचणारं कुणीतरी बरोबर द्या, म्हणजे कुठं खाली उतरायचं, कुठं घिरटी घ्यायची ते वरच सांगता येईल. बातमी कळल्यावर थोरलीनं दोन दिवस चांगल्या साड्या नेसून पाहिल्या. आयुष्यभर तिनं जमीन आकाशातून बघितली होती, पण ती खुर्चीत बसून. विमान तिनं फक्त खिडकीतून जाताना पाहिलेलं. आता मान पहिल्या नजरेचा, म्हणजे जाणार कोण, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

साहेब खोलीत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धाकट्या बाई, उद्या पहाटे तयार राहा. थोरल्या बाई, तुम्हाला उगीच कशाला त्रास? लहान विमान आहे, हेलकावे खातं."

"छे, छे, तिलाच पाठवा," थोरली हसून म्हणाली. "मला कुठं सोसणार?" आणि तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

घरी तर बघायलाच नको. सासूबाई म्हणाल्या, "हिला डबा मोठा दे गं, वर भूक लागत असेल." थोरलीच्या नवऱ्यानं तेल ओतलं, "तुला कुठं जायचं होतं? तुला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं." जेवणं झाल्यावर धाकटी वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, मी साहेबांना सांगू का, तुम्ही जाता म्हणून?"

याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही तिला बोलता आलं नसतं. दान! हिच्याकडून दान! थोरली म्हणाली, "मला भीक नको. जा तू. आणि केस बांधून जा, वारा असतो."

दुसऱ्या दिवशी थोरली कचेरीत आली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती आणि टेबलावर पुठ्ठे मांडलेले नव्हते. तिला बरं वाटलं. आज आपलं टेबल आपल्या हातात. फोटोंचा गठ्ठा तिनं स्वतः सोडला, स्वतः पुठ्ठ्यावर लावला, अगदी शिस्तीत, काटेकोर, उत्तर वर. मनात म्हणाली, काम असं करतात.

पुठ्ठा रस्तेवाल्यांचा होता. एक नवा रुंद रस्ता व्हायचा होता आणि त्यांना विचारायचं होतं, की या पट्ट्यात जमिनीखाली तुमचं काही आहे का? असेल तर रस्ता जरा वळवू, नसेल तर मशिनं घालतो. एकदा मशिनं फिरली की मागं हाडही उरत नाही. नुसती मोकळी शेतं होती, ना घर ना झाड ना कालवा. थोरलीनं भिंगाला डोळे लावले. मधोमध एक मोठा गोल भाग होता, कडा पुसट. जमीन धूसर झाली, मग आकार घेऊ लागली, आणि तो गोल भाग खाली गेला. पसरट, उथळ खळगा. जुन्या काळी विटांसाठी नाहीतर बांधासाठी माती काढली असेल. असे खळगे तिनं ढिगानं पाहिले होते.

एरवी ती असल्या पुठ्ठ्यावर दुपारपर्यंत बसली असती. पण त्या दिवशी वरून विमानाचा आवाज आला. ते विमान त्यांचंच होतं का दुसरंच, कोण जाणे. थोरलीनं मान वर केली आणि मग तिचं लक्ष पुठ्ठ्यावर राहीना. आत्ता ती वर असेल. खिडकीला नाक लावून बसली असेल. कॅमेरावाल्याला म्हणत असेल, इथं काहीतरी आहे. थोरलीनं शाई घेतली, खळग्याभोवती आतल्या बाजूला बारीक रेघा ओढल्या, सुरेख, एकसारख्या, आणि खाली लिहिलं, 'माती काढलेला खळगा. वस्ती नाही.' सही केली. दुसरी नजर जागेवर नव्हती. ती आल्यावर बघेल म्हणून थांबायचं असतं. थोरलीनं रस्त्याच्या इंजिनिअरला निरोप पाठवून नकाशा तेव्हाच देऊन टाकला. दुसऱ्या नजरेवाचून काही अडत नाही, हे तिला त्या दिवशी सिद्ध करायचं होतं.

धाकटी दुसऱ्या दिवशी परत आली ती नाक लाल, आवाज बसलेला, आणि सगळी कचेरी तिच्याभोवती. ढग कसे दिसतात, कान कसे दुखतात, पहाटेच्या कलत्या उन्हात शेतातला बोटभर उंचवटासुद्धा केवढी सावली टाकतो. हिशेबनीस, शिपाई, सगळे आ वासून ऐकत होते. थोरली पेन्सिलींना टोकं करत बसली. टोकं करायला पेन्सिल उरली नाही तेव्हा म्हणाली, "झालं असेल तर कालचा पुठ्ठा तपास. माझी सही झालीय, नकाशा गेलाय. तेवढं आपलं रीत म्हणून."

धाकटी बसली. पाय दुमडला. भिंगाला डोळे लावले आणि लगेच काढले. परत लावले. गुणगुणणं थांबलं.

"वहिनी, नकाशा गेला?"

"गेला म्हणाले ना."

"वहिनी, हे टेकाड आहे."

थोरलीच्या कानशिलात रक्त चढलं. विमानात बसून आली आणि आता चारचौघांत माझी सही खोटी पाडायला निघाली! तिनं आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला. "टेकाड? तुझं सगळंच टेकाड असतं! वरून काय फिरून आलीस, आता आम्हाला जमीन शिकवणार? मी तुला भिंग धरायला शिकवलं, माझ्या हाताखाली तू पेन्सिल धरलीस. तो खळगा आहे. खळगा!"

"वहिनी, हळू..."

"का हळू? बोलाव साहेबांना. बोलावच!"

साहेबांना बोलवावं लागलंच नाही. आवाजानंच ते आले. काय ते ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगावर वाकले. "टेकाडच की हो हे," ते म्हणाले. "चांगलं मोठं आहे. कडेनं भिंत असावी असंही वाटतंय, म्हणजे खाली वस्तीच. थोरल्या बाई, तुम्ही खळगा कसा म्हणालात?"

थोरलीनं त्यांना जवळजवळ बाजूला सारलं. भिंगाला डोळे लावले. धूसर, आणि मग खळगा. स्वच्छ खळगा. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाजूनं धाकटीचा हात आला आणि भिंगाखालचा आख्खा पुठ्ठा त्यानं गर्रकन फिरवला. उत्तर खाली, दक्षिण वर.

खळगा उठला. थोरलीच्या डोळ्यांदेखत तो फुगत वर आला आणि टेकाड होऊन बसला.

तोंड मिटायचं तिला भान राहिलं नाही. दोन डोळ्यांनी बघणाऱ्याला पुठ्ठा कसाही फिरवला तरी टेकाड टेकाडच दिसतं. एका डोळ्याला खोली दिसत नाही, त्याला सावलीवर भागवावं लागतं. सावली बघणाऱ्याकडे पडली तर उंचवटा उंच वाटतो, आणि पलीकडे पडली तर तोच उंचवटा खड्डा वाटतो. हे तर ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायची. डॉक्टर बरोबर होते. डोळा गेल्यापासून जमीन तिच्यासाठी उठतच नव्हती. रोज सकाळी कुणीतरी पुठ्ठे उलटे मांडून, सावल्या तिच्याकडे वळवून तिला ती उठल्यासारखी दाखवत होतं. आणि किटली हातातून घेत होतं, कारण एका डोळ्याला कप नेमका कुठं आहे ते कळत नाही.

"साहेब, चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा. "विमानाच्या घाईत मी जायच्या आधी फोटो पुठ्ठ्यावर लावून गेले. डावा उजवीकडे लागला, उजवा डावीकडे. अदलाबदल झाली की सगळं उलटं दिसतं, तुम्हाला माहीतच आहे. वहिनींना बिचाऱ्यांना खळगा दिसणारच. आत्ता बसल्यावर माझ्या लक्षात आलं, तेव्हा नीट लावले."

साफ खोटं. आणि काय बेमालूम! फोटो थोरलीनं स्वतः लावले होते, स्वतःच्या हातानं, शिस्तीत. पण साहेबांना ते पटलं, कारण ही चूक नवशिक्यांकडून होतेच. त्यांचा चेहरा लाल झाला. "धाकट्या बाई! एवढा निष्काळजीपणा? तिकडे मशिनं फिरली असती तर? उद्यापासून विमान बंद तुमचं. दुसऱ्या नजरेवर ठेवायचं की नाही, तेही बघतो मी." आणि शिपायाला म्हणाले, "रस्त्याच्या इंजिनिअरला फोन लाव. म्हणावं, नकाशा परत पाठवा. काम थांबवा."

फोन लागला. काम अजून सुरू व्हायचं होतं. टेकाड वाचलं.

थोरली जागच्या जागी उभी होती. तिनं काय काय मागितलं होतं नशिबाकडे? धाकटीचं विमान जावं, गेलं. चारचौघांत तिचा पाणउतारा व्हावा, झाला. खुर्ची आपल्याकडे राहावी, राहिली होती. सहीला बट्टा नाही, टेकाडाला धक्का नाही. आता फक्त गप्प बसायचं, बस्स. सुंठीवाचून खोकला गेला होता.

आणि समोर धाकटी मान खाली घालून बोलणी खात होती, डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. जसं काही त्यात विशेष काहीच नव्हतं. उभ्या उभ्या बांध शोधावा तसं तिनं हे केलं होतं. थोरलीनं तिच्याकडे बघितलं आणि तिला आयुष्यातला सगळ्यात मोठा हेवा वाटला. नजर हिची चांगली, ते ठीक. ती देवाची देणगी. पण हेसुद्धा? आपण हिच्या जागी असतो तर? आपण पुठ्ठे सरळ मांडले असते. वाट बघत बसलो असतो, कधी ही आपटते ते. थोरलीला ते लख्ख दिसलं. आणि उद्यापासून रोज या पोरीचं हे ऋण डोक्यावर घेऊन तिच्यासमोर बसायचं, त्याच खुर्चीत? त्यापेक्षा खुर्चीला आग लागो.

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली.

साहेब वळले. धाकटीनं झटकन मान वर केली आणि डोळ्यांनीच म्हणाली, नको.

"फोटो मी लावले. बरोबर लावले. माझा उजवा डोळा गेलाय, साहेब. बरेच दिवस झाले. मला खोली दिसत नाही. हिला माहीत होतं, ही रोज माझे पुठ्ठे फिरवून ठेवायची, म्हणून चाललं. काल ही नव्हती, म्हणून फसलं. आणि काल मी दुसऱ्या नजरेला थांबले नाही, तीही माझीच चूक. हिला बोलू नका. विमानात हिलाच पाठवा. आणि ती खुर्ची..." इथं मात्र तिचा आवाज फाटला. "ती खुर्ची हिला द्या."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बसा, थोरल्या बाई. पाणी घ्या. तुमच्यासारखा नकाशा काढणारा हात आजही कचेरीत दुसरा नाही. आपण बघू." थोरलीनं पाणी घेतलं नाही. ड्रॉवरमधून आपल्या पेन्सिली, आपलं भिंग, आपला डबा काढला आणि पर्स खांद्याला लावून निघाली.

धाकटीनं तिला व्हरांड्यात गाठलं. ती धापा टाकत होती, आणि साहेबांची बोलणी खातानाही न रडलेली ती आता रडत होती. रागानं.

"काय गरज होती वहिनी? मी सांगितलं होतं ना सगळं नीट! मला काय, चार दिवस बोलले असते, विसरले असते. तुम्ही कशाला बोललात?"

थोरली थांबली. चांगल्या डोळ्यानं तिनं धाकटीला नखशिखांत बघून घेतलं, केसांत खोचलेल्या पेन्सिलीसकट.

"सगळं तूच करणार का गं?" ती म्हणाली. "नजर तुझी. विमान तुझं. लोक तुझ्याभोवती. आणि आता मोठं मनही तुझंच? काहीतरी ठेव की माझ्यासाठी! जळते मी तुझ्यावर, कळतंय का? पहिल्या दिवसापासून जळते. आणि तू मला जळूसुद्धा धड देत नाहीस."

धाकटीनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. मग तिनं हात पुढं केला, कारण पुढं जिना होता आणि एका डोळ्याला पायऱ्या सपाट दिसतात.

"हात काढ," थोरली म्हणाली. "मागून ये."

तिनं कठडा धरला, पायानं पहिली पायरी चाचपली आणि उतरू लागली. धाकटी मागून येत होती, एक पायरी सोडून, बसची वेळ झाली तरी घाई न करता. थोरलीनं मुद्दाम चाल वाढवली.